कर्नल साहेबांचा राग



आंतरशालेय सामन्यांचे दिवस आले की मैदानावर मुलांपेक्षा मोठ्यांचाच आवाज जास्त ऐकू येतो. झेल सुटला की शिक्षक ओरडतात. आपल्या मुलाला बाद दिले की वडील पंचांकडे धावतात. पुढे संघ जिंकला, करंडक शाळेत आला, की हे सगळे विसरले जाते. जो जिंकून देतो त्याने थोडे रागावले तर काय बिघडले, असे आपण मनातल्या मनात मान्य करून टाकतो. हे मान्य करणे कितपत बरोबर आहे, याचा विचार करण्यासाठी या अंकात एका मोठ्या खेळाडूची ओळख करून घेऊ या. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू हे ते खेळाडू. जिंकणे त्यांना चांगले जमत होते आणि त्यांचा कडक स्वभावही सर्वांना ठाऊक होता.

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. घराणे तेलुगू भाषिक, पण नागपुरात कायमचे स्थिरावलेले. शिक्षणही तेथेच, हिस्लॉप संस्थेत झाले. उंच बांधा, ताठ मान आणि मोजके बोलणे, असे त्यांचे व्यक्तिमत्त्व होते. त्या काळी मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांमध्ये चौरंगी सामने होत. १९१६ साली नायडू हिंदू संघातून पहिल्यांदा खेळले आणि त्यांनी आपले खाते षटकार मारून उघडले असे सांगतात. १९२३ मध्ये होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला आले. होळकरांच्या सैन्यात त्यांना हुद्दा मिळाला आणि पुढे सारा देश त्यांना कर्नल साहेब म्हणू लागला.

१ डिसेंबर १९२६ हा दिवस त्यांच्या आयुष्यात फार मोठा ठरला. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एमसीसी संघ भारतात आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. भारतीय खेळाडू इंग्रजांच्या बरोबरीने खेळू शकतात, हे त्या दिवशी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. भारताला कसोटी सामन्यांचा दर्जा मिळण्यामागे या खेळीचा मोठा वाटा मानला जातो.

१९३२ साली भारतीय संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला गेला. कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. आपला खेळ कसोटीच्या तोडीचा नाही हे ओळखून महाराजांनी मनाचा मोठेपणा दाखवला व ते स्वतः बाजूला झाले. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचे नेतृत्व करायला नायडू उतरले. राजेरजवाड्यांच्या जमान्यात राजघराण्याबाहेरच्या एका खेळाडूच्या हाताखाली खेळणे संघातल्या काहींना रुचले नव्हते. शिवाय नायडूंची शिस्त कडक होती आणि ते कोणाशी फारसे मिसळत नसत. त्यामुळे कुरबुरी झाल्या. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला दुखापत झाली होती, तरी पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक म्हणजे ४० धावा त्यांनीच केल्या. सामना आपण १५८ धावांनी हरलो, पण भारतीय संघाची दखल घेतली गेली. विस्डेन या प्रसिद्ध वार्षिकाने १९३३ च्या अंकात वर्षातील पाच उत्तम खेळाडूंमध्ये नायडूंची निवड केली.

१९३३-३४ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हाही कर्णधार नायडूच होते. समोरचे कर्णधार होते डग्लस जार्डिन. यांचा जन्म मुंबईचाच! त्याआधीच्याच मोसमात जार्डिन यांनी ऑस्ट्रेलियात फलंदाजाच्या अंगावर वेगवान चेंडू टाकण्याचा डाव वापरून मालिका ४-१ अशी जिंकली होती. या प्रकाराला बॉडीलाइन म्हणतात. त्यावरून दोन देशांचे संबंध बिघडण्याची वेळ आली आणि पुढे असा मारा थांबवण्यासाठी नियम करावे लागले. मालिका जिंकली, पण जार्डिन यांचे नाव आजही त्या कटुतेसाठीच घेतले जाते.

आपल्याकडे याहून वाईट प्रकार १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात घडला. या वेळी नायडूंना बाजूला सारून विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे ‘विझी’, यांना कर्णधार करण्यात आले. खेळापेक्षा त्यांचा पैसा आणि वजन मोठे होते. संघात गट पडले. लाला अमरनाथ तेव्हा उत्तम खेळत होते. एका सामन्यात त्यांना पॅड बांधून बसवून ठेवले आणि दुसऱ्यांना फलंदाजीला पुढे पाठवले. अमरनाथ संतापले, ड्रेसिंग रूममध्ये आदळआपट केली. संतापणे चूकच होते. पण त्याची शिक्षा म्हणून पहिल्या कसोटीच्या आधीच त्यांना बोटीने मायदेशी धाडण्यात आले! पुढे न्यायमूर्ती ब्यूमाँट यांच्या समितीने चौकशी केली, तिने अमरनाथ यांना बहुतांशी दोषमुक्त केले आणि विझींच्या नेतृत्वावर ठपका ठेवला. तोपर्यंत दौरा संपला होता, नुकसान झाले होते.

त्या दौऱ्यात नायडू साधे खेळाडू म्हणून खेळले. पद गेले म्हणून त्यांनी खेळ सोडला नाही. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा चेंडू त्यांच्या छातीवर लागला. ते कोलमडता कोलमडता सावरले, कोणाची मदत घेतली नाही आणि ८१ धावा काढल्या. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. एकूण ७ कसोट्या, त्यांतल्या ४ कर्णधार म्हणून.

यानंतरचा त्यांच्या आयुष्याचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या काळी आजच्यासारखे पगारी प्रशिक्षक नसत. कर्णधार हाच प्रशिक्षक, तोच शिक्षक आणि वेळप्रसंगी तोच हेडमास्तर! इंदूरच्या होळकर संघाला नायडूंनी असेच घडवले. मुश्ताक अली यांच्यातले गुण त्यांनी ते लहान असतानाच हेरले. चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर असे खेळाडू त्यांच्या हाताखाली खेळले. सरावाला उशीर, क्षेत्ररक्षणात आळस, दुखण्याची तक्रार हे त्यांना खपत नसे. त्यांची नुसती नजर वळली तरी खेळाडूंना घाम फुटे. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ मोसमांत होळकर संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा त्याने करंडक जिंकला. १९५०-५१ च्या अंतिम सामन्यात तर समोर आपला गुजरातचाच संघ होता.

हा कडकपणा त्यांनी स्वतःलाही लावला होता, हे मान्य केले पाहिजे. पन्नाशी उलटल्यावर रणजी सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि दात पडले. ते दात बाजूला सारून नायडू पुन्हा खेळायला उभे राहिले, ही हकीकत जुने क्रिकेटप्रेमी अजून सांगतात. तरीही मुलांनो, धाकाची एक किंमत असतेच. ज्याच्यासमोर तोंड उघडता येत नाही, त्याला आपली अडचण कोणी सांगत नाही. नायडूंचा आदर सर्वांना होता, पण त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणे फार थोड्यांना जमले. १९३२ च्या दौऱ्यातील कुरबुरींमागे राजेशाही अहंकार होता तसा हा अबोला आणि दराराही होता. त्यांनी मिळवलेल्या करंडकांमुळे हा दोष नाहीसा होत नाही.

मग नायडूंचे मोठेपण कशात? यासाठी दोन सामने शेजारी ठेवून पाहू.

पहिला सामना मार्च १९४७ चा, आपल्या बडोद्याचा. रणजी करंडकाची अंतिम फेरी, बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले होते. त्यानंतर विजय हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली ती फुटेचना. जवळजवळ नऊ तास दोघे खेळले आणि त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही विकेटसाठीचा हा जागतिक विक्रम होता आणि तो पुढे २००६ पर्यंत टिकला. बडोद्याच्या ७८४ धावा झाल्या आणि होळकर संघ एक डाव ४०९ धावांनी हरला. एकावन्न वर्षांचे नायडू या होळकर संघाचे कर्णधार होते. ज्यांना साधा झेल सुटलेला खपत नसे, त्यांच्यासमोर आपल्याच संघाविरुद्ध जगाचा विक्रम होत होता. तरी त्यांचा संघ मैदान सोडून गेला नाही. विक्रम होऊ दिला, मग दुसरा डाव खेळून पराभव स्वीकारला.

दुसरा सामना डिसेंबर १९४८ चा, पुण्याचा. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. प्रथम श्रेणी सामन्यातील सर्वोच्च धावसंख्या तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होती, नाबाद ४५२, सन १९३०. निंबाळकरांना बरोबरीसाठी हव्या होत्या फक्त ९ धावा. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. विश्रांतीची वेळ झाली. तेव्हा काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जावा हे त्यांना नको होते. विनवण्या झाल्या, उपयोग झाला नाही. काठियावाडने सामना सोडून दिला आणि निंबाळकरांची खेळी ४४३ वरच थांबली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या कतारगामात सौराष्ट्रातून आलेली कितीतरी कुटुंबे आपले शेजारी आहेत, हिऱ्याच्या कारखान्यांत आपण एकमेकांबरोबर काम करतो. ठाकोरसाहेबांची चूक ही त्या मातीची चूक नव्हे. रणजितसिंहजी, राजकोटचे अमरसिंह, जामनगरचे विनू मंकड हे सारे त्याच काठियावाडचे. १९३२ साली लॉर्ड्सवर नायडूंच्या खांद्याला खांदा लावून अमरसिंहच लढले होते. चूक झाली ती एका कर्णधाराची, ज्याला स्वतःची लाज खेळापेक्षा मोठी वाटली. आणि गंमत पाहा, ज्या विक्रमाची एवढी भीती वाटली तो झालाच नाही, पण मैदान सोडल्याची गोष्ट मात्र कायमची नोंदली गेली.

हा आजार सगळ्या जगात आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलला प्रचंड लोकप्रियता आहे. तेथील इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी नाइट यांनी आपल्या संघाला तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. पण १९८५ मध्ये चालू सामन्यात पंचांवर चिडून त्यांनी मैदानात खुर्ची फेकली. विजय मिळत होते, म्हणून त्यांचे वागणे वर्षानुवर्षे चालवून घेतले गेले. शेवटी २००० साली विद्यापीठाला त्यांना काढावेच लागले. तीन विजेतेपदे मिळवलेल्या माणसाचे नाव निघाले की लोकांना आधी ती खुर्ची आठवते.

म्हणून प्रशिक्षकाचा राग तपासताना करंडक मोजू नयेत. तो राग कशासाठी आहे ते पाहावे. मुलाने मेहनत टाळली म्हणून रागावणे वेगळे आणि आपली मान खाली गेली म्हणून मुलावर, पंचांवर किंवा समोरच्या संघावर तो राग काढणे वेगळे. पहिला राग नायडूंमध्ये भरपूर होता, कधी कधी गरजेपेक्षा जास्तही होता. दुसऱ्या रागाची खरी परीक्षा हरताना होते आणि बडोद्याच्या त्या सामन्यात ते त्या परीक्षेत उतरले.

नायडू खेळत राहिले. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९५६-५७ च्या मोसमात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले! १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. आज क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. १९९४ मध्ये पहिला पुरस्कार मिळाला तो लाला अमरनाथ यांना, आणि पुढे २००२ मध्ये तो भाऊसाहेब निंबाळकर यांनाही देण्यात आला. एकाला कर्णधाराने दौऱ्यावरून परत पाठवले होते, दुसऱ्याचा विक्रम कर्णधाराने अडवला होता.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या सामन्यात आपण मोठ्या फरकाने हरत असलो तरी शेवटच्या चेंडूपर्यंत मैदानावर उभे राहा आणि मग समोरच्या खेळाडूंशी हात मिळवा. पालकांनो, पंचांचा निर्णय पटला नाही तरी कुंपणाच्या आत येऊ नका, मुले तुमच्याकडेच पाहत असतात. आणि विश्वस्त मंडळाला विनंती, की खेळाच्या शिक्षकांचे काम पाहताना कपाटातल्या करंडकांबरोबर एक साधा प्रश्नही विचारावा. हरलेल्या सामन्यानंतर मुले या सरांकडे स्वतःहून बोलायला जातात का?