मायकेल फॅरेडे



मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये लंडनला लागून असलेल्या एका वस्तीत झाला. त्याचे वडील लोहार होते. ते सारखे आजारी असायचे, म्हणून घरात फार गरिबी होती. मायकेल जेमतेम लिहायला, वाचायला आणि हिशोब करायला शिकला. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला लागला. पण बांधायला आलेली पुस्तके तो नुसती शिवायचा नाही, वाचायचासुद्धा! एका ज्ञानकोशात त्याने विजेची माहिती वाचली आणि त्याला तिचा नादच लागला.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने सगळे टिपून घेतले, त्याची सुंदर वही बांधली आणि डेव्हींना पाठवली. पुढच्याच वर्षी डेव्हींनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत मदतनीस म्हणून घेतले.

१८३१ साली फॅरेडे यांनी मोठा शोध लावला. तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला की तारेत वीज येते. चुंबक थांबला की वीजही थांबते. आपल्या कोयनेच्या वीजघरातली जनित्रे याच नियमाने चालतात.

मग फॅरेडे यांना वाटले, पृथ्वी हा मोठा चुंबक आहे आणि नदीच्या पाण्यातून वीज जाऊ शकते. तर वाहत्या नदीतही वीज तयार होत असेल. म्हणून जानेवारी १८३२ मध्ये ते थेम्स नदीवरच्या वॉटर्लू पुलावर गेले. कठड्यावरून ९६० फूट तांब्याची तार टाकली. तिच्या टोकांना धातूचे पत्रे जोडून पाण्यात सोडले. तीन दिवस प्रयोग चालला. यंत्राचा काटा हलला, पण कधी इकडे तर कधी तिकडे! पृथ्वीचे चुंबकत्व फार दुबळे आहे. शिवाय पत्रे आणि पाणी यांच्यामुळेही वेगळी वीज होत होती. प्रयोग फसला. पण फॅरेडे यांनी ते लपवले नाही, आपल्या निबंधात खरे तेच लिहिले.

मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. कारण त्यांचा विचार बरोबर होता! आज त्याच विचारावर पाणी मोजायचे मीटर चालतात. मोठ्या इमारतींत थंड-गरम पाण्याचे जाड नळ असतात. त्या नळाला भोक पाडून सळईसारखा मीटर आत बसवतात. सगळा नळ कापावा लागत नाही. मीटरमध्ये तारेचे वेटोळे असते. त्यात वीज सोडली की चुंबक तयार होतो. पाणी त्याच्याजवळून वाहिले की थोडीशी वीज निर्माण होते आणि धातूची दोन टोके ती पकडतात. पाणी जोरात तर वीज जास्त, पाणी हळू तर वीज कमी. यावरून किती पाणी गेले ते कळते. जाणारे आणि परत येणारे पाणी किती गरम आहे हेही मोजले, तर इमारतीत किती उष्णता खर्च झाली तेसुद्धा कळते. साध्या मीटरात चक्र फिरते आणि कचऱ्याने अडकते. यात फिरणारे काहीच नसते. मात्र नळ पाण्याने पूर्ण भरलेला पाहिजे. आणि तेल यात मोजता येत नाही, कारण तेलातून वीज जात नाही.

फॅरेडे मुलांसाठी नाताळात व्याख्याने देत आणि प्रयोग करून दाखवत. रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, लोहाराचा मुलगा वाचून वाचून एवढा मोठा झाला. आपणही भरपूर वाचूया. आणि एखादा प्रयोग जमला नाही तरी तो वहीत खरा लिहून ठेवूया. पुढे कुणाच्या तरी तो उपयोगी पडेल.

– इयत्ता ४ थी