अजिंठ्याच्या चित्रांशेजारी हयात घालवलेला अभ्यासक : डॉ. गुलाम यझदानी

मेहकरच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरी सांगितलं की मला कलेचा इतिहास शिकायचाय, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : राहायचं कुठं आणि खायचं काय? प्रश्न चुकीचा नाही. जुनी इमारत, मूर्ती किंवा चित्र एका सहलीत समजत नाही, त्याच्याजवळ मुक्काम करावा लागतो. त्या मुक्कामाचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. असा खर्च उचलला गेला तर काय घडतं, हे पाहायचं असेल तर मरहूम डॉ. गुलाम यझदानी यांचं आयुष्य वाचावं, म्हणून आम्ही ते इथे थोडक्यात देतो आहोत.

यझदानी यांचा जन्म 1885 चा, दिल्लीतला. ते अरबी-फारसीचे अभ्यासक आणि प्राध्यापक. 1914 मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खातं सुरू केलं आणि त्याची सूत्रं या तिशीच्या आतल्या माणसाकडे दिली. 1943 पर्यंत ते त्या खात्याचे प्रमुख होते. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीदर, गुलबर्गा, वरंगळ हे सगळं तेव्हा निजामाच्या हद्दीत. आपलं वऱ्हाड मात्र इंग्रजांकडे होतं, त्यामुळे मेहकर त्यांच्या खात्याखाली आलं नाही. पण अजिंठ्याचा डोंगर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातूनही जातो, त्या अर्थाने ते आपले शेजारीच.

अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्याचे प्रयत्न त्यांच्या आधीही झाले होते. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहिला. त्याची बहुतेक चित्रं 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन येत राहिले. त्यांच्याही कितीतरी प्रती लंडनमध्येच आगीत गेल्या. पुढे 1909 ते 1911 मध्ये लेडी हेरिंगहॅम यांनी लेण्यांजवळ तंबू ठोकले. त्या मुक्कामात नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हेही होते. हेच सय्यद अहमद नंतर अजिंठ्याचे क्युरेटर झाले. त्यांनी केलेल्या प्रतिकृती हैदराबादच्या संग्रहालयात आहेत.

यझदानी यांनी या कामाला शिस्त आणली. भिंतीवरचा रंगाचा थर निसटत होता. 1920 ते 1922 या काळात संस्थानाने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारे पापुद्रे पुन्हा चिकटवले. त्यांनी लावलेला लाखेचा थर पुढे पिवळट पडला आणि तो काढायला नंतरच्या लोकांना मोठे कष्ट पडले, हेही सांगायला हवं. पण त्या वेळी काहीच केलं नसतं तर आज कितीतरी चित्रं दिसलीही नसती. मग ई. एल. व्हॅसी या छायाचित्रकाराकडून लेण्यांतल्या अंधारात रंगीत छायाचित्रं काढून घेतली गेली. त्यातून अजिंठ्यावरचा मोठा ग्रंथ तयार झाला. पहिला भाग 1930 मध्ये आणि चौथा 1955 मध्ये आला. म्हणजे नुसतं छापून व्हायलाच पंचवीस वर्षं!

एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. यझदानी अरबी-फारसीचे माणूस. सुमारे पाव शतक त्यांनी हिंदुस्थानातल्या मुस्लिम शिलालेखांच्या नियतकालिकाचं संपादन केलं. मांडू आणि बीदरवर ग्रंथ लिहिले. आणि त्याच माणसाने बुद्धाच्या जातककथांची चित्रं ओळखण्यात, त्यातला प्रत्येक प्रसंग नोंदवण्यात उमेद घातली. हे आपलं आणि ते परकं, असा हिशेब त्यांच्या कामात दिसत नाही. 1959 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, 1962 मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

बीदरला महमूद गवान यांचा 1472 चा मदरसा आहे. यझदानी यांनी त्याचाही अभ्यास केला. शिक्षक आणि विद्यार्थी तिथेच राहत, जवळ मोठं ग्रंथालय होतं. इल्मसाठी राहण्या-खाण्याची सोय करणं ही आपली जुनीच रीत, बाहेरून आलेली नाही. आज सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेत 1965 पासून अभ्यासकांना राहायला जागा आणि मानधन मिळतं. पण तिथवर आपली किती मुलं पोहोचतात? त्यात अल्पसंख्याक संशोधकांसाठी 2009 मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिपही सरकारने 2022 मध्ये बंद केली. तो दरवाजा पुन्हा उघडावा ही मागणी आहेच. मात्र तोवर हातावर हात ठेवून बसून कसं चालेल?

अभ्यासाला आपल्या मेहकरात काही कमी नाही. अकबराच्या काळात हे वऱ्हाड सुभ्यातलं सरकारचं ठिकाण होतं, आईन-ए-अकबरीत तशी नोंद आहे. पैनगंगेकाठी जुनी दगडी धर्मशाळा आहे, कंचनीचा महाल आहे, 1888 मध्ये सापडलेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती आहे. जवळच लोणारची मंदिरं आहेत. यावर वर्षभर मुक्काम ठोकून काम करणारा एक अभ्यासक आपल्याला का परवडू नये? आपण लग्नात एका दिवसात उडवतो तेवढ्यात एका विद्यार्थ्याची वर्षभराची खोली, डबा आणि पुस्तकं सहज निघतील. जमातीतल्या सुखवस्तू मंडळींनी एवढं एकदा मनावर घ्यावं. यझदानी यांच्यामागे एक संस्थान उभं होतं. आपल्या मुलांमागे निदान एक गाव तरी उभं राहू द्या.