हरिश्चंद्राचा कारखाना

सिनेमा संपला की पडद्यावर नावांची लांब रांग सरकते. आपण तोवर चपला शोधत असतो. एकदा मी ती नावं बसून वाचली. छायालेखक, संकलक, रंगभूषा, वेशभूषा... ही माणसं हे सगळं शिकली कुठं? म्हणून मी दादासाहेब फाळके यांचं चरित्र वाचलं. त्यांच्या वेळी तर आपल्याकडे हे शिकवणारंच कुणी नव्हतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. धुंडिराज मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. पुढे फोटो काढले, पुराणवस्तू खात्यात आराखडे काढायची नोकरी केली, छापखाना चालवला, जादूचे प्रयोगसुद्धा केले. याचं एका जागी मन लागत नाही असं लोकांना वाटलं असेल. पण मला वाटतं, त्यातलं काहीच वाया गेलं नाही.

१९११ साली त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचं मनात घेतलं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा मागवला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोज एकेक चित्र घेतलं. पडद्यावर बघता बघता वेल वाढला!

पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. फिल्म कोरी यायची. अंधारात बसून तिच्या कडांना सारख्या अंतरावर भोकं पाडायला त्या शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडायचा, शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! माझ्या मते त्याच आपल्या पहिल्या तंत्रज्ञ. फाळक्यांचं नाव सगळ्यांना पाठ असतं, यांचं फार थोड्यांना.

सिनेमात यायला बायका तयार होईनात. शेवटी मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पगार महिना १५ रुपये. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. कॅमेरा मित्र त्र्यंबक तेलंग यांना शिकवून त्यांच्या हाती दिला. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नावं ठेवायचे, म्हणून सगळ्यांनी हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे असं सांगायचं! ३ मे १९१३ रोजी गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

पुढं कारखाना नाशिकला गेला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मग बोलपट आले आणि दादासाहेब मागं पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला वारले.

आता पुण्यात १९६० साली निघालेल्या संस्थेत छायालेखन, संकलन, दिग्दर्शन वेगवेगळं शिकवतात. त्यासाठी आधी पदवी लागते, मग प्रवेशपरीक्षा. अण्णा साळुंके मात्र दादासाहेबांच्या कारखान्यातच घडले. तारामती झालेले हे अण्णा पुढं स्वतः कॅमेऱ्यामागं उभे राहिले आणि छायालेखक झाले.