वरसईचे विष्णुभट गोडसे : एका मोठ्या प्रवासाची गोष्ट



जगाची सफर गाडीने करणाऱ्यांचे व्हिडिओ मुलं आवडीने बघतात. मग मुलं विचारतात, पूर्वी लोक असे लांब जायचे का? अशा वेळी त्यांना विष्णुभट गोडसे यांची गोष्ट जरूर सांगा. माणूस आपल्या शेजारचाच, पेण तालुक्यातल्या वरसईचा. त्यांचं लिखाण जगासमोर आलं तेही आपल्या कल्याणच्या माणसामुळे.

विष्णुभटांचा जन्म 1827 चा. घर भिक्षुकाचं, माणसं पुष्कळ आणि डोक्यावर कर्ज. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, लाखो रुपये खर्च होणार आहेत. विद्वान ब्राह्मणांना चांगली दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेने चुलते रामभट आणि तिशीतले विष्णुभट 1857 च्या सुरुवातीला घराबाहेर पडले. फिरायची हौस हे कारण नव्हतंच. मुलांना हे आधी सांगा, म्हणजे पुढचं सगळं नीट कळतं.

आता नकाशा काढा. आज आपण कल्याणला संध्याकाळी पंजाब मेल पकडली की दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरला उतरतो. तेव्हा रेल्वे ठाण्याला येऊन चार वर्षं झाली होती, कल्याणच्या पुढेही थोडी सरकली होती, पण घाट काही चढली नव्हती. म्हणजे घाट, सातपुडा, नर्मदा ओलांडून हजार किलोमीटरच्या वरचा रस्ता पायी नाहीतर बैलगाडीने काटायचा. मुक्काम धर्मशाळेत किंवा देवळात. सोवळ्यामुळे दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, म्हणून शिधा मिळवून रोज स्वतः चूल पेटवायची. जवळ पैसे नसले तर उपास आणि असले तर लुटारूंची भीती! घरी खुशाली कळवायची तर कोणीतरी त्याच वाटेने परत जाणारा भेटायला हवा.

महूच्या आसपास त्यांना पलटणीतले शिपाई भेटले. काडतुसांवरून असंतोष किती पेटलाय ते त्यांनी सांगितलं, लवकरच मोठा दंगा होणार म्हणून सावधही केलं. मला नेहमी वाटतं, इथून काका-पुतणे मागे फिरले असते तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती. पण रिकाम्या हाताने घरी जाऊन कर्ज कसं फिटणार? ते पुढे गेले. ज्यासाठी निघाले तो यज्ञ बंडाच्या धामधुमीत राहूनच गेला.

फिरत फिरत दोघे झाशीला पोचले. राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला त्यांना बरे दिवस आले. राणी कशी राहते, कारभार कसा बघते, हे विष्णुभटांनी जवळून पाहिलं. मग मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घातला. तात्या टोपे मदतीला आले, पण बेतवा नदीकाठी त्यांचा पराभव झाला आणि एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. पुढचे दिवस कत्तलीचे आणि लुटीचे. काका-पुतणे जीव मुठीत धरून लपून बसले. विष्णुभटांनी लूटसुद्धा बारकाईने नोंदवली आहे: आधी सोनं-चांदी गेली, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे आणि धान्य. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला याची हळहळही त्यांच्या लिखाणात आहे. जमवलेली दक्षिणाही गेली. जीव तेवढा वाचला.

नंतर काल्पीच्या लढाईतून निघालेली राणी त्यांना वाटेत एका विहिरीपाशी भेटली. धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले, पण तिने त्यांना तसदी न देता स्वतःच पाणी शेंदलं. या पुस्तकातला हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. तिसरी-चौथीच्या मुलांना एवढा एकच सांगितला तरी चालेल.

मला मात्र परतीचा प्रवास जास्त मोठा वाटतो. हाती पैसा नव्हता. तेव्हा निदान आई-वडिलांना गंगेच्या पाण्याने स्नान घालू, म्हणून त्यांनी गंगाजलाची कावड घेतली. खांद्यावर पाण्याचं ओझं, सोवळ्याचे नियम सांभाळायचे आणि मुलूख अजून धुमसतोय. अनोळखी वाटसरू दिसला की बंडवाला असल्याचा संशय. तरीही कावड वरसईला पोचली आणि आई-वडिलांना स्नान घडलं. कर्जाचं काय, असं एखादा विद्यार्थी विचारेलच. त्याला सरळ सांगा, ज्या आशेने निघाले होते ते धन काही घरी आलं नाही.

गोडसे हे वैद्य घराण्याचे उपाध्याय. त्या घरातले, कल्याणचे चिंतामण विनायक वैद्य तेव्हा तरुण होते. प्रवासाला जवळजवळ पंचवीस वर्षं झाल्यावर त्यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी हे सगळं लिहून काढलं. पण सरकारची धास्ती इतकी की पुस्तक त्यांच्या हयातीत निघालं नाही. वैद्यांनी ते 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापलं. पुढे अमृतलाल नागरांनी त्याचा हिंदी अनुवाद केला.

वर्गात घेताना एक गोष्ट सांभाळा. विष्णुभटांनी काही प्रसंग डोळ्यांनी पाहिलेत, काही वाटेत ऐकलेत आणि लिहिलंय आठवणीवरून. झाशीचं स्वतः पाहिलेलं, दूरच्या शहरांचं बरंचसं ऐकीव. सहावी-सातवीच्या मुलांना वहीत दोन रकाने करायला सांगा, पाहिलेलं आणि ऐकलेलं. पालकांनो, पुस्तक घरी आणलंत तर आधी स्वतः वाचा. कत्तलीची वर्णनं लहानांसाठी नाहीत आणि जातीपातीबद्दलची, बायकांबद्दलची काही मतं त्या काळाची आहेत, त्यावर बोलावं लागतं. वैद्यांनी छापताना मजकुरावर हात फिरवला होता. विष्णुभटांचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा मिळाली तर ती आवृत्ती घ्या.