जीआय तारेतले गॅल्व्हानी

मंडळाचा मांडव उभा राहू लागला की दरवर्षी पत्रे येतात, अर्थिंगची तार येते. जीआय पत्रा, जीआय तार असेच सगळे म्हणतात. विजेची पदविका घेऊन आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, तरी यातल्या ‘जी’मध्ये एका माणसाचे नाव दडले आहे हे आम्हालाही बरीच वर्षे ठाऊक नव्हते. जी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, आणि तो शब्द आला लुईजी गॅल्व्हानी यांच्या नावावरून. गंमत अशी की या गृहस्थांचा पत्र्याशी काही संबंध नव्हता. ते वैद्य होते, शरीररचना शिकवत होते.

गॅल्व्हानींचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी झाला. तिथल्याच विद्यापीठात ते वैद्यक शिकले व पुढे तिथेच शिकवू लागले. पत्नी लुचिया ही शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांची कन्या. पतीच्या प्रयोगांत ती बरोबरीने राबे.

त्या काळी मज्जातंतूंमधून काहीतरी सूक्ष्म द्रव्य वाहते आणि त्यामुळे हातपाय हलतात, अशी समजूत होती. १७८० नंतरच्या काही वर्षांत गॅल्व्हानी बेडकाच्या कापलेल्या पायांवर प्रयोग करत होते. जवळच्या विद्युतयंत्रातून ठिणगी उडाली, त्याच क्षणी मज्जातंतूला सुरी टेकलेली होती, आणि मेलेल्या बेडकाचा पाय ताडकन आखडला. यंत्राचा पायाला स्पर्शही नव्हता. १७८६ मध्ये त्यांनी पितळी आकड्यांना लावलेले पाय लोखंडी कठड्यावर टांगले. आकडा लोखंडाला टेकताच, आकाश निरभ्र असतानाही, पाय उडू लागले. वीज प्राण्याच्या देहातच साठलेली असते, या मतावर ते आले, आणि १७९१ मध्ये त्यांनी लॅटिनमध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. तो पाहायला लुचिया राहिली नव्हती. ती आधीच वारली होती. अपत्य नव्हते.

पाव्हिया विद्यापीठातील आलेस्सांद्रो व्होल्टा यांना हे मत आधी पटले, मग खटकले. त्यांच्या मते वीज बेडकात नव्हती. पितळ आणि लोखंड या दोन वेगळ्या धातूंमुळे ती निर्माण होत होती. गॅल्व्हानींनी धातूच काढून टाकला. १७९७ मध्ये त्यांनी एका पायाचा मज्जातंतू दुसऱ्याच्या मज्जातंतूवर टेकवला. तरीही पाय आखडले.

पण तोवर नेपोलियनची फौज उत्तर इटलीत आली होती. नव्या प्रजासत्ताकाने प्राध्यापकांकडून राजनिष्ठेची शपथ मागितली. गॅल्व्हानी श्रद्धाळू होते. मनाला न पटणारी शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला. १७९८ मध्ये पद गेले, पगार गेला, आणि साठी उलटलेला हा विधुर भावाच्या घरी राहायला गेला. दर महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचताना पुढे जाववत नाही. त्यांची कीर्ती लक्षात घेऊन शपथेशिवाय परत घेण्याचे सरकारने ठरवले, पण त्याचा उपयोग होण्याआधीच, ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. १८०० मध्ये व्होल्टांनी धातूंच्या चकत्यांची पहिली बॅटरी जगासमोर ठेवली, आणि वाद व्होल्टांनी जिंकला असेच लोकांनी धरले.

खरे पाहता दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. कठड्यावरच्या प्रयोगात धातूंचा हात होताच. पण देहातली वीजही खरी होती. तिचा पुरता उलगडा व्हायला दीडशे वर्षे लागली. १९५२ मध्ये हॉजकिन व हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी तो मांडला, आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

मज्जापेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरपेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. चेतना मिळाली की पडद्यातली सूक्ष्म दारे उघडतात, सोडियम आत शिरते, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात तिथला भार उलटतो. लगेच पोटॅशियम बाहेर पडते व पूर्वस्थिती येते. तोवर शेजारची दारे उघडलेली असतात. आमच्या तांब्याच्या तारेत अंतर वाढले की दाब घटतो. इथे तसे होत नाही. एका पणतीने दुसरी लावत जावे, तसे हे आहे. प्रत्येकीत तेल स्वतःचे, म्हणून शेवटची पणतीही पहिलीइतकीच उजळते.

आरतीला टाळ वाजवताना मेंदूकडून हातापर्यंत असाच निरोप सेकंदाला ५०-६० मीटर वेगाने धावत असतो. दवाखान्यात ईसीजीच्या कागदावर उमटते तीही देहातलीच वीज, हृदयाच्या स्नायूंची. यंदा मांडवाची अर्थिंगची तार जोडताना आम्ही मुलांना ‘जी’चा अर्थ सांगणार आहोत, आणि त्या शपथेची हकीकतही.