लेकाच्या मॅट्रिकसाठी रात्री दोनपर्यंत जागणारे सुभेदार रामजी

बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या अनेकांना तोंडपाठ असतात. पण त्यांची मॅट्रिक वडिलांच्या जागरणावर झाली, हे फारसं सांगितलं जात नाही.

रामजी सकपाळ मूळचे कोकणातल्या आंबडव्याचे. लष्करात सुभेदार आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक. मुंबईत आल्यावर परळच्या डबक चाळीत एकच खोली मिळाली. स्वयंपाक, अभ्यास, झोप सगळं तिथंच. मग रामजींनी मार्ग काढला. भीमरावांना लवकर झोपवायचं, स्वतः दोनपर्यंत जागायचं, त्यांना अभ्यासाला उठवायचं आणि मग आपण आडवं व्हायचं.

पेन्शनमध्ये दोन मुलांचं शिक्षण बसेना. थोरले आनंदराव शाळा सोडून कामाला लागले. भीमरावांना पुस्तक हवं असलं की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे उसने पैसे मागायचे. तिथे नसले तर दागिना गहाण पडायचा, पेन्शन आली की सुटायचा.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. कॉलेजचं दार उघडायला तेवढे पुरले. पुढे खर्च झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली.

फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले. लेकाचं कोलंबिया विद्यापीठ त्यांना बघता आलं नाही.

१९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी काय सोसलं, याची नोंद अर्पणपत्रिकेत आहे.