नाझिया हसन : पंधराव्या वर्षी उपखंडाला थिरकवणारा स्वर

फिरोज खान यांचा ‘कुर्बानी’ १९८० मध्ये झळकला, तेव्हा त्यातील ‘आप जैसा कोई’ हे गीत गाणारी मुलगी अवघी पंधरा वर्षांची होती. पडद्यावर झीनत अमान होत्या. आवाज मात्र नवखा, कोवळा आणि किंचित अनुनासिक. शास्त्रीय तालमीच्या निकषांवर तो कदाचित उतरला नसता. श्रोत्यांनी तो निकष लावलाच नाही.

नाझिया हसन यांचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीत झाला. बालपण कराची आणि लंडन या दोन शहरांत गेले. पाकिस्तानी दूरचित्रवाणीवर संगीतकार सोहेल राणा यांच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमांतून त्या गाऊ लागल्या. पुढे लंडनमध्ये फिरोज खान यांच्याशी भेट झाली आणि त्यांनी नाझियांना संगीतकार बिद्दू यांच्याकडे पाठविले. मूळचे बंगळूरुचे बिद्दू तोवर इंग्लंडमधील डिस्को संगीतात नावाजले होते. ‘कुर्बानी’चे उर्वरित संगीत कल्याणजी-आनंदजींचे, बिद्दूंचे हे एकच गीत, पण चित्रपटाची ओळख तेच ठरले. लता आणि आशा यांच्या त्या पर्वात सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार एका पाकिस्तानी शाळकरी मुलीला मिळाला.

१९८१ मध्ये बंधू झोहेब यांच्यासह ‘डिस्को दीवाने’ हा संग्रह आला. चित्रपटाचा आधार नसलेले पॉप संगीतही भारतात प्रचंड खपू शकते, हे त्याने सिद्ध केले. त्याच वेळी पाकिस्तानात जनरल झिया उल हक यांची कठोर लष्करी राजवट होती, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर ‘यंग तरंग’, ‘हॉटलाइन’ आणि १९९२ मध्ये ‘कॅमेरा कॅमेरा’ हे संग्रह निघाले.

बिद्दूंनी ‘मेड इन इंडिया’ हे गीत प्रथम नाझियांपुढे ठेवले होते. मायदेशातील लोकांची मने दुखावतील, या विचाराने त्यांनी ते नाकारले. पुढे त्याच गीताने अलिशा चिनॉय यांना अफाट कीर्ती दिली.

नाझियांनी लंडनमध्ये कायद्याची पदवी घेतली, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघात काम केले आणि कराचीतील वंचित मुलांसाठीही त्या झटल्या. गाणे हा त्यांनी कधी एकमेव व्यवसाय मानला नाही. १३ ऑगस्ट २००० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या. २०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या हिंदी चित्रपटाने ‘डिस्को दीवाने’ नव्या रूपात पडद्यावर आणले.